ठिकाण माहीत नाही

सोमवार, ४ मे

आलो एकदाचे! अर्धं सामान अजून खोक्यांत आहे, शेगडीची एकच बाजू पेटते आणि न्हाणीघरातला नळ सोडला की असा भोंगा वाजतो की खालच्या बिऱ्हाडातले वर येऊन विचारून गेले, काही झालं का म्हणून. पण घर उजेडाचं आहे. स्वयंपाकघरात उभं राहिलं की रस्ता दिसतो, शेजारीण बरी वाटते आणि घरमालक दुसऱ्या गावाला राहतो. माणसाला अजून काय हवं! लेकीने, ठमीने, आल्या आल्या खिडकीखालचा कोपरा बळकावला. रंग, ब्रश, पाण्याचा पेला सगळं मांडून बाईसाहेब बसल्यासुद्धा. वय सात, थाट सत्तरचा.

ह्यांची बदली झाली तेव्हा मी आदळआपट केली होती, खोटं कशाला बोलू. पण मलाही इथल्या मोठ्या रुग्णालयात क्लेम विभागात जागा मिळाली आणि माझा राग तिथेच विरघळला. आता प्रश्न एवढाच की दिवसभराचं सगळं सांगायचं कुणाला. मी बोलायला लागले की हे घोरायला लागतात. म्हणून ही वही आणली. वही निदान घोरत तरी नाही.

मंगळवार, ५ मे

काम तेच, जे मी आधीच्या गावी करत होते. कॅज्युअल्टीत पेशंट येतो, डॉक्टर घाईघाईत केसपेपर लिहितात. मग त्या दुखण्याला, ते कशामुळे झालं त्याला आणि कुठे झालं त्याला आम्ही ठरलेले कोड लावायचे आणि क्लेम विमा कंपनीला पाठवायचा. ऐकायला रटाळ वाटतं. पण पोपट चावला तर कोड वेगळा आणि पोपट नुसता येऊन धडकला तर वेगळा, हे ऐकल्यापासून ठमी हसतेय. ठिकाणांचंही तसंच. स्वयंपाकघर, जिना, दुकान, बाग, अगदी वाळवंटसुद्धा. माणूस जिथे म्हणून धडपडू शकतो त्या प्रत्येक जागेला कोड आहे.

विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. माझ्या समोर बसतो त्या सहकाऱ्याचं नाव पाडलंय गोगलगाय. माणूस सज्जन आहे, पण तो एक क्लेम पुरा करेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो, पुन्हा आजारी पडतो आणि परत येतो.

मोठ्या बाईंनी एक नियम माझ्याकडून पाठ म्हणून घेतला, शाळेत घेतात तसा. डॉक्टरने 'संशयित' लिहिलं, 'बहुधा' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही. पेशंटची जी तक्रार असेल तेवढीच लावायची. ताप तर ताप, चक्कर तर चक्कर. नियम मला आधीपासून माहीत होता, कुठल्याही कोड लावणाऱ्याला असतो. तरी त्यांनी पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मला काय दुधखुळी समजल्या की काय! मनात म्हटलं, बाई, नवी आहे ती या खुर्चीला, कामाला नव्हे.

शुक्रवार, ८ मे

ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. आणि अशा उन्हात माझ्यासमोर आज आली हिमदंशाची केस! बर्फात बोटं गोठतात तो हिमदंश. गोगलगाय म्हणाला की त्याच्या सगळ्या नोकरीत त्याने हा आजार बघितलेला नाही.

पेशंट इस्त्रीवाला आहे. घराच्या बाहेरच्या खोलीतच टेबल टाकून इस्त्री करतो. केसपेपरवर तरुण डॉक्टरने लिहिलंय की बोटं गार पडली, बधिर झाली, आणि खाली 'संशयित हिमदंश' लिहून भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय. आधीच्या कुणीतरी नियमाप्रमाणे 'बोटं बधिर' एवढाच कोड लावला होता. कंपनीने क्लेम परत पाठवला. बोटं गार पडणं ही काय तातडी आहे, असा त्यांचा सवाल. क्लेम मंजूर झाला नाही तर पुढचे उपचार थांबणार.

बायको त्याला घेऊन आमच्या विभागाच्या खिडकीशी आली होती. हडकुळी, पण डोळ्यांत धग. म्हणाली, ताई, हा माणूस गरम इस्त्रीवर पंजा टेकवून उभा राहतो आणि ह्याला कळतसुद्धा नाही. मला वास आला म्हणून बघितलं. तो बापडा शेजारी ओशाळा होऊन उभा होता, हात पाठीमागे लपवून.

सोमवार, ११ मे

केलं. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

डॉक्टर रजेवर गेलाय, त्याला विचारायची सोय नाही. कंपनीपुढे रडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग मी सरळ प्रश्नचिन्ह बाजूला ठेवलं आणि हिमदंशाचा कोड लावला, अगदी ठाम. लावल्यावर संगणकाने कारण विचारलं, मी दिलं 'थंडीशी संपर्क'. मग विचारलं ठिकाण. केसपेपरवर ठिकाण नव्हतं. तो दिवसभर बसतो कुठे, तर बाहेरच्या खोलीत. मी लिहिलं, राहतं घर, बाहेरची खोली. क्लेम तडक मंजूर!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले की तू एक दिवस नोकरी घालवशील. म्हटलं, गेली तर गेली, कुणाचा हात तर वाचेल. त्यावर घोरले.

शुक्रवार, १५ मे

इस्त्रीवाला पुन्हा कॅज्युअल्टीत आला. बोटं काळी पडलीत, टोकापासून मधल्या पेरापर्यंत. या वेळी डॉक्टरने प्रश्नचिन्ह टाकलेलं नाही.

आधी मला, लाज वाटते लिहायला, बरंच वाटलं. म्हणजे माझं बरोबर होतं! मग त्याची बायको बोलली. सोमवारपर्यंत नुसती बधिर होती, म्हणाली. सोमवारी दुपारी आमचे हे कपड्यांवर पाणी शिंपडायला गेले तर वाटीतलं पाणी दगड झालेलं. वर पत्रा तापून फुटायची वेळ आणि खाली वाटीत बर्फ. तेव्हापासून त्या खोलीत कुणाला बसवत नाही. आतल्या खोलीत काही नाही, फक्त बाहेरच्या. धाकट्या पोराचा कान पांढरा झालाय.

मी तिला पाणी दिलं, कागद दिले, पाठवलं. मग तो क्लेम पुन्हा उघडून वाचला. बोटं कुठे गार पडली, हे आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. बाहेरची खोली मी लिहिली होती. माझ्या मनाने.

योगायोग असतात. कावळा बसतो, फांदी मोडते. आज झोपते.

मंगळवार, १९ मे

झोप कसली. आज दुपारची सुट्टी काढून त्याच्या घरी जाऊन आले.

गल्लीत उन्हाने डोळे दिपत होते. उंबऱ्यात पाय ठेवला आणि तोंडातून वाफ निघाली. माझ्या तोंडातून, मे महिन्यात! टेबलावर धुतलेले शर्ट होते, उचलले तर पुठ्ठ्यासारखे कडक. एक बाही हातात मोडली. इस्त्री लावून बघितली, लाल दिवा लागला, तरी तिचा तळ हाताला गार. पोरगा आतल्या दारात उभा होता कानाला फडकं बांधून. त्याने मला सांगितलं की ते भिंतीजवळ बसतं. कोण बसतं, विचारलं. म्हणाला, दिसत नाही, पण आपण गेलो की सरकून जागा देतं.

तशीच पळत कचेरीत आले. क्लेम एकदा गेला की मागे घेता येत नाही, पण सुधारित क्लेम पाठवता येतो. आजार काढू शकत नव्हते, आता तो खरंच झालेला आहे. ठिकाण काढलं. राहतं घर पुसलं आणि यादीतलं शेवटचं लावलं, 'ठिकाण माहीत नाही'.

संध्याकाळी त्या बाईचा फोन. खोली तापली, ताई! पत्र्याखाली उकडतंय! रडत होती आनंदाने. मीही रडले. कुणाला उकडतंय म्हणून दोन बायका रडल्या असतील का कधी? देव पावला.

गुरुवार, २१ मे

सकाळी बादलीतल्या पाण्यावर साय होती. बोट लावलं तर साय नव्हती, तडकली.

मी ती बादली ओतून दिली. ह्यांना सांगितलं नाही.

कचेरीतून आले तर ठमी खिडकीखाली गप्प बसलेली. रंग तसेच. म्हणाली, आई, ब्रश धरता येत नाही, बोटं झोपलीत. हातात घेतली तिची बोटं. दूध उतू गेल्यावर मी जसा हात झटकते तसा झटकला गेला माझा हात, इतकी गार. मग पुन्हा धरली, चोळली, तोंडाची वाफ दिली, पदरात गुंडाळली. तिच्या पेल्यात ब्रश उभा होता. हलत नव्हता.

शेजारणीच्या घरात उकडतंय. जिन्यात उकडतंय. आमच्याच घरात —

शुक्रवार, २२ मे

कॅज्युअल्टी. त्याच खाटांच्या रांगेत माझी मुलगी. तोच तरुण डॉक्टर. त्याने लिहायला घेतलं, हि, म, आणि मी त्याचा हात धरला. म्हटलं, प्रश्नचिन्ह टाका. पाया पडते. माझ्याकडे बघितलं त्याने, वेड लागलेल्या बाईकडे बघतात तसं, पण टाकलं.

मग मोठ्या बाईंकडे गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, बयो, म्हणून वदवून घेतलं होतं ना ग तुझ्याकडून. नियम कंपनीसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. संशय आहे तोवर ते नुसतं घुटमळतं, कंटाळून निघून जातं. आपण नक्की म्हटलं की ते नक्की होतं. ठिकाण दिलं की तिथे राहायला येतं. आणि ठिकाण काढून घेतलं तर जाणार कुठे? लिहिणाऱ्याकडेच येतं. दुसऱ्या कुणाला ते ओळखत नाही.

विचारलं, घालवायचं कसं. घालवता येत नाही, म्हणाल्या. ठिकाण द्यावं लागतं, आणि तिथे माणूस असावं लागतं. त्यांनी स्वतः एकदा वाळवंट लिहून पाहिलं होतं. तिथे कुणी नव्हतं, ते परत आलं. एक माणूस पुरतं मिळालं की मात्र निजतं, मग कुणाला काही करत नाही. तुम्हाला कसं माहीत, विचारलं. मला एक भाऊ होता, म्हणाल्या.

निघताना हळू आवाजात म्हणाल्या, ज्याचं होतं त्याला परत दे. बाहेरची खोली लिही.

शनिवार, २३ मे

मनगटापर्यंत पांढरी. रडत नाही आता. दुखत नाही म्हणते. दुखत नाही हेच —

हे डॉक्टरांशी भांडले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना काय सांगू? कसं सांगू की मी आणलंय ते?

कचेरीत गेले. लिहिलं. राहतं घर, बाहेरची खोली. नुसतं पाठवायचं बटण. माझी मुलगी की त्याचा मुलगा — हा काय प्रश्न आहे? कुठल्या आईला पडतो? बोट बटणावर होतं. खरं सांगते, दाबणार होते.

खिडकीवर टकटक. तीच. नवऱ्याची दोनच बोटं काढावी लागली म्हणे, पंजा वाचला. पोराला घेऊन आली होती, मला दाखवायला. कानावरचं फडकं सोडलं होतं. पोरगं म्हणालं, मावशी, आता भिंतीजवळ कुणी नाही.

मावशी म्हणाला.

पुसलं.

रविवार, २४ मे

सुट्टी. कचेरीत कुणी नाही. म्हणूनच आज.

ह्यांना सांगितलं, काम तुंबलंय, तासाभरात येते. ठमीच्या कपाळाला ओठ लावले. कोपरापर्यंत चढलंय. तिने विचारलं, आई, पोपट धडकल्याचा कोड काय? सांगितला. हसली. ओठ निळे.

लिहिलं. रुग्णालय, कार्यालय, क्लेम विभागाची खोली. माणूस इथे बसलंय. पाठवलं.

खिडकीतून ऊन येतंय. टेबलावरचं चांगलं तापलेलं ऊन.

—

आलं. पायांकडून. समोर गोगलगायीच्या खुर्चीजवळ काहीतरी सरकलं. जागा दिली मला.

भीती वाटते. खूप वाटते. ठमे —

—

फोन वाजला. हे! गरम झाली, म्हणतात. हात गुलाबी! बोटं हलवते! डॉक्टर चक्रावलाय. ओरडत होते आनंदाने. मी बोलायला गेले, जबडा — नुसता हुं. ते म्हणाले, रडतेस का ग वेडे, रड रड. फोन हातातून गळला. उचलता येत नाही. असू दे. गुलाबी म्हणाले. ऐकलं मी. गुलाबी.

झालं माझं काम. आता निजेल ते. थोडंच राहिलंय, कमरेपर्यंत आलंय.

अक्षर बघ कसं येतंय

—

फोन खाली पडलाय पण चालू आहे. आवाज येतोय त्यातून. तिचा. बाबा मी पळत जाऊ? आईला हात दाखवू?

नाही

कॅज्युअल्टी खालीच आहे. एकच जिना. नाही नाही

ओरडते आहे. आवाज फुटत नाही. कडी लावली नाही मी. उद्या कुणाला दार फोडायला लागू नये म्हणून नाही लावली. दार लांब नाही. पाय नाहीत

अजून पुरतं घेतलं नाही मला. अजून जागं आहे ते. लवकर घे. घे ना लवकर. मी आहे ना इथे, मला घे आधी

सरकलं. दाराकडे सरकलं

पावलं. जिन्यात. उड्या मारत येतेय. अशीच येते ती

ठमे येऊ नको बाहेर थांब बाळा दार उघडू न